पार्किन्सनच्या निदानात मेंदूच्या स्कॅनवर किती भिस्त ठेवावी?

कोथरूडमधील एका मुलीने आपल्या वडिलांविषयी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील 67 वर्षांचे, बँकेतून निवृत्त झालेले. गेले सात-आठ महिने टीव्ही पाहत बसले असताना त्यांचा उजवा हात थरथरतो, चालताना तोच हात अंगाला चिकटल्यासारखा राहतो, आणि सही इतकी बारीक झाली आहे की एक धनादेश 'सही जुळत नाही' म्हणून परत आला. फॅमिली डॉक्टरांनी पार्किन्सनची शंका बोलून दाखवली आणि मेंदूचा एमआरआय करायला सांगितला. अहवालात 'वयानुरूप बदल, अन्य दोष नाही' असे आले. आता आई म्हणते की स्कॅन चांगला आला, म्हणजे आजार नाही. अमेरिकेतील भाऊ म्हणतो की डॅट स्कॅन करून एकदाच काय तो निकाल लावून टाका. मुलीने वडिलांच्या औषधांची यादीही पाठवली आहे. तीत रक्तदाबाच्या गोळीबरोबर, पित्तासाठी दोन वर्षे रोज सकाळी घेतली जाणारी, रॅबेप्राझोल आणि लेव्होसल्पिराइड एकत्र असलेली कॅप्सूल आहे.

आधी आईंच्या म्हणण्याविषयी. एमआरआय नॉर्मल आला म्हणून पार्किन्सन नाही, असे म्हणता येत नाही. उलट, ज्याला खरोखर पार्किन्सन आहे त्याचा नेहमीच्या पद्धतीने केलेला एमआरआय बहुधा नॉर्मलच येतो, आणि तसा तो यावा अशीच आमची अपेक्षा असते. पुण्यातल्या माझ्या ओपीडीत सातारा, बारामती, नगरकडून येणारी माणसे एमआरआयचे मोठे पाकीट टेबलावर ठेवून 'यात तर काहीच निघाले नाही' असे सांगतात, तेव्हा त्या वाक्यातला दिलासा मला समजतो. पण तो दिलासा ट्यूमर नाही, मोठा स्ट्रोक नाही, मेंदूत पाणी साठलेले नाही, एवढ्यापुरताच खरा असतो.

असे का होते ते नीट समजून घ्यायला हवे. पार्किन्सनमध्ये मध्यमेंदूतील सब्स्टॅन्शिया नायग्रा या अगदी लहानशा भागातल्या, डोपामिन हे हालचालींसाठी लागणारे रसायन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू मरतात. उरलेल्या पेशींत अल्फा-सायन्युक्लीन नावाच्या प्रथिनाच्या गाठी साचतात. त्यांना लेवी बॉडीज म्हणतात आणि त्या केवळ सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. एमआरआय हे यंत्र ऊतींमधल्या पाण्याच्या आधारे मेंदूची रचना दाखवते. एखादी पेशी डोपामिन तयार करते की नाही, हे त्याला कळत नाही. हाताची थरथर दिसू लागते तोवर या भागातल्या पेशींचा मोठा हिस्सा गेलेला असतो आणि त्यांच्या टोकांपाशी मिळणारे डोपामिन त्याहूनही अधिक घटलेले असते. तरीही मेंदूचा बाह्य आकार, त्याच्या घड्या, पोकळ्या सगळे जागच्या जागी असते.

अहवालातल्या दुसऱ्या एका वाक्याने घरोघरी उगाच घबराट होते, म्हणून तेही सांगतो. 'वयानुरूप आकुंचन' किंवा 'स्मॉल व्हेसल इस्केमिक चेंजेस' हे शब्द साठीनंतरच्या, विशेषतः रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्या बहुतेकांच्या अहवालात सापडतात. हे बदल थोडे असतील तर हाताच्या थरथरीशी त्यांचा संबंध जोडू नये. ते खूप पसरलेले असतील, आणि त्रास हातांपेक्षा पायांत जास्त असेल, म्हणजे माणूस आखूड पावले टाकत, पाय घासत चालत असेल आणि हात मात्र ठीक चालत असतील, तर रक्तवाहिन्यांमुळे होणाऱ्या पार्किन्सनसदृश आजाराचा विचार करावा लागतो.

मग एमआरआय करायचाच कशाला? इतर कारणे बाजूला सारण्यासाठी. डोक्याला मार लागून साचलेले रक्त, नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलस (मेंदूत पाणी साठण्याचा विकार), क्वचित एखादी गाठ, आणि तरुण रुग्णांत विल्सनचा आजार, म्हणजे शरीरात तांबे साठून होणारा विकार, ही कारणे हाती लागली तर उपचाराची दिशाच बदलते. पार्किन्सनसारखे दिसणारे, पण त्याहून वेगाने वाढणारे दोन आजार आहेत: प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी आणि मल्टिपल सिस्टिम ॲट्रोफी. पहिल्यात मध्यमेंदू आकसून बाजूने घेतलेल्या चित्रात त्याला हमिंगबर्ड पक्ष्यासारखा आकार येतो. दुसऱ्यात पॉन्स या भागात फुलीसारखी खूण दिसू शकते. या खुणा स्पष्ट दिसल्या तर त्यांना वजन आहे. पण त्या उशिरा उमटतात. आजाराच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षी, जेव्हा शंका सर्वांत जास्त असते, तेव्हाच त्या अनेकदा नसतात. त्यामुळे खूण दिसली नाही याचा अर्थ तो आजार नाही, असा घेता येत नाही.

अलीकडे 3 टेस्ला, म्हणजे जास्त ताकदीच्या चुंबकाच्या एमआरआय यंत्रावर, लोह टिपणाऱ्या विशेष पद्धतीने, सब्स्टॅन्शिया नायग्रातला नायग्रोसोम-1 हा ठिपका पाहता येतो. निरोगी माणसात तो पाकोळी पक्ष्याच्या दुभंगलेल्या शेपटीसारखा दिसतो आणि पार्किन्सनमध्ये नाहीसा होतो. तंत्र चांगले आहे, पण रुग्ण थोडा हलला, चित्राचे काप जाड घेतले, किंवा पाहणाऱ्या रेडिओलॉजिस्टची नजर या एका ठिपक्याला सरावलेली नसली, तर अहवाल बदलतो. शिवाय वर सांगितलेल्या दोन्ही आजारांतही तो नाहीसा होतो. एवढ्यावर निदान ठरवू नये.

आता भावाच्या सूचनेकडे वळतो. डॅट स्कॅन ही निराळ्या जातीची तपासणी आहे. ती मेंदूची रचना पाहत नाही, तर डोपामिनच्या पेशींच्या टोकांवर असलेले डोपामिन ट्रान्सपोर्टर हे प्रथिन किती शिल्लक आहे ते पाहते. युरोपात ही तपासणी 2000 साली आणि अमेरिकेत 2011 साली मंजूर झाली. तिकडे त्यासाठी आयोडीन-123 लावलेले औषध वापरतात. त्या आयोडीनचे अर्धे आयुष्य सुमारे 13 तासांचे असल्याने आणि ते सायक्लोट्रॉनमध्ये बनवावे लागत असल्याने आपल्याकडे त्याऐवजी टेक्नेशियम-99एम लावलेले ट्रोडॅट वापरले जाते. टेक्नेशियम न्यूक्लिअर मेडिसिन विभागातल्या जनरेटरमधून रोज काढता येते. काही ठिकाणी एफ-डोपा पेट स्कॅनही होतो. नावे वेगळी असली तरी डोपामिनच्या टोकांची स्थिती कशी आहे, हाच प्रश्न या तपासण्या विचारतात.

ट्रोडॅटमध्ये शिरेतून इंजेक्शन देतात, तीन-चार तास थांबवतात आणि मग डोके स्थिर ठेवून चित्रे घेतात. निरोगी मेंदूत दोन्ही बाजूंचे स्ट्रायटम, म्हणजे ही टोके जिथे असतात तो भाग, समोरासमोरच्या दोन स्वल्पविरामांसारखे चमकते. पार्किन्सनमध्ये शेपटीचा भाग, म्हणजे पुटामेनचा मागचा भाग, आधी विझतो आणि स्वल्पविरामाचा पूर्णविराम होतो. तोही लक्षणे ज्या बाजूला जास्त त्याच्या विरुद्ध बाजूला आधी. तुमच्या वडिलांचा उजवा हात थरथरतो, म्हणजे असा बदल असलाच तर तो डाव्या बाजूला अधिक दिसायला हवा.

मात्र चित्र बिघडलेले दिसले, तरी 'हा पार्किन्सनच आहे' असे ते सांगत नाही. प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी, मल्टिपल सिस्टिम ॲट्रोफी, लेवी बॉडी डिमेन्शिया (लेवी बॉडीजशी जोडलेला स्मृतिभ्रंश) या सर्वांत डोपामिनची टोके कमी होतात आणि या सर्वांत स्कॅन बिघडलेलाच येतो. भाऊ 'एकदाच काय तो निकाल' म्हणतो आहे, आणि नेमका तोच निकाल हा स्कॅन देत नाही. वडिलांना पुढची अनेक वर्षे औषधावर बरी काढता येतील असा पार्किन्सन आहे, की दोन-चार वर्षांत तोल आणि गिळणे बिघडवणारा दुसरा आजार आहे, हा कुटुंबाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भेद त्या चित्रातून कळत नाही. अमेरिकेत 2011 साली मंजुरी मिळाली तीही या आजारांना एकमेकांपासून वेगळे करण्यासाठी नव्हती. इसेन्शियल ट्रेमरला, म्हणजे हात वापरताना येणाऱ्या वेगळ्या कंपाला, या सगळ्या गटापासून वेगळे करायला मदत व्हावी एवढ्यासाठी होती.

नॉर्मल चित्राचे वजन मात्र जास्त आहे. इसेन्शियल ट्रेमर, औषधांमुळे झालेला पार्किन्सनसदृश त्रास, डिस्टोनियाचा (स्नायू आपोआप आखडण्याच्या विकाराचा) कंप आणि मानसिक ताणातून येणारा कंप यांत डोपामिनची टोके शाबूत असतात, म्हणून स्कॅन नॉर्मल येतो. पार्किन्सनच्या औषधांच्या मोठ्या चाचण्यांमध्ये, तज्ज्ञांनी पार्किन्सन म्हणून निवडलेल्या रुग्णांपैकी सुमारे 4 ते 15 टक्के लोकांचे असे स्कॅन नॉर्मल आले होते. पुढे काही वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवल्यावर दिसले की त्यांतल्या बहुतेकांचा आजार पार्किन्सनसारखा वाढलाच नाही. आंतरराष्ट्रीय मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटीने 2015 साली जे निकष प्रसिद्ध केले, त्यांत नॉर्मल डोपामिन स्कॅन हा पार्किन्सनविरुद्धचा पुरावा धरला आहे, पण बिघडलेला स्कॅन पार्किन्सनच्या बाजूचा पुरावा म्हणून धरलेला नाही. स्कॅनची खरी पात्रता किती, हे या एका गोष्टीवरून कळते.

स्कॅन वाचण्यातही अडचणी आहेत. चित्र पूर्ण नॉर्मल किंवा उघड बिघडलेले असेल तर वाद होत नाही. मधल्या छटांवर दोन अनुभवी डॉक्टर दोन मते देऊ शकतात. ट्रोडॅटची चित्रे आयोडीनच्या चित्रांपेक्षा थोडी धूसर येतात, त्यामुळे हा मधला पट्टा रुंदावतो. डोके वाकडे राहिले तर एक बाजू खोटीच कमी दिसते. ब्युप्रोपिऑन, मेथिलफेनिडेट यांसारखी औषधे ट्रान्सपोर्टरवर बसून चित्र बिघडवतात. ती स्कॅनआधी डॉक्टरांच्या सल्ल्याने थांबवावी लागतात. पार्किन्सनसाठी दिली जाणारी लेव्होडोपा मात्र यात फारसा अडथळा आणत नाही. आणखी एक गैरसमज असा की दरवर्षी स्कॅन करून आजार किती वाढला ते पाहता येईल. चालणे, बटणे लावणे, बोलणे यांत होणारा बदल आणि चित्रातला बदल हातात हात घालून जात नाहीत. त्या पैशांत कित्येक महिन्यांच्या गोळ्या येतात.

यादीतली पित्ताची कॅप्सूल मला एमआरआयच्या अहवालापेक्षा महत्त्वाची वाटते. लेव्होसल्पिराइड पोटातले अन्न पुढे ढकलण्यासाठी दिले जाते, पण ते मेंदूत शिरून डोपामिन ज्यांवर काम करते ते रिसेप्टर अडवते. या कॅप्सूलमध्ये ते बहुधा 75 मिलिग्रॅम असते, आणि 'ॲसिडिटीची गोळी' म्हणून ती वर्षानुवर्षे चालू राहते, कारण रुग्णाला, आणि कधी कधी डॉक्टरांनाही, तिच्यात दुसरे औषध आहे याचा विसर पडतो. मेटोक्लोप्रामाइड, चक्करेसाठी दिली जाणारी प्रोक्लोरपेराझिन आणि सिनारिझिन, अर्धशिशीसाठी दिली जाणारी फ्लुनारिझिन, आणि हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोनसारखी मानसोपचारातली औषधे यांनीही ताठरपणा, मंदपणा आणि थरथर येते. असा त्रास सहसा दोन्ही बाजूंना सारखा असतो असे पुस्तकात असते. प्रत्यक्षात तो एका हाताला जास्त असणारे रुग्ण पुष्कळ दिसतात. त्यामुळे वडिलांची थरथर फक्त उजवीकडे आहे एवढ्यावरून या कॅप्सूलला मोकळे सोडता येत नाही.

आपल्या डॉक्टरांशी बोलून ती कॅप्सूल बंद करावी आणि पित्तासाठी साधे रॅबेप्राझोल किंवा पँटोप्राझोल ठेवावे. पोट फुगण्याची तक्रार उरलीच तर डोम्पेरिडोनचा विचार करता येतो, कारण ते मेंदूत फारसे शिरत नाही. हृदयाच्या ठोक्यांची काही तक्रार असेल तर आधी ईसीजी पाहून घ्यावा. परिणाम उतरायला काही आठवडे ते काही महिने लागतात, साधारण सहा महिने तरी द्यावे लागतात. मानसोपचाराचे औषध चालू असेल तर ते मात्र घरच्या घरी कधीही बंद करू नये.

आता तपासणीकडे. 'हातोडी मारून आणि चालायला लावून तुम्हाला कसे कळणार?' असे लोक विचारतात. पार्किन्सनची व्याख्याच हालचालींवर उभी आहे: मंदपणा असलाच पाहिजे, आणि त्याच्या जोडीला विश्रांतीतला कंप किंवा ताठरपणा. रुग्णाला अंगठा आणि तर्जनी शक्य तितकी फाकवून भरभर आपटायला सांगतो. पहिले पाच-सहा ठोके मोठे पडतात, मग फट कमी कमी होत जाते, मध्येच बोटे अडखळतात. नुसता हळूपणा थकव्याने, संधिवाताने, वयानेही येतो, पण हे आकसत जाणे वेगळे असते. हात मांडीवर सैल ठेवून शंभरातून सात-सात वजा करायला सांगितले की दबलेला कंप वर येतो. हात समोर धरले की तो थांबतो आणि काही सेकंदांनी पुन्हा सुरू होतो. इसेन्शियल ट्रेमरमध्ये उलट असते: हात मांडीवर शांत, पण चहाचा कप उचलला की बशीत सांडतो, आणि अक्षर बारीक न होता मोठे, वाकडेतिकडे होते. ओपीडीबाहेरच्या लांब मार्गिकेत चालायला लावले की एक हात झुलत नाही हे घरच्यांनाही प्रथमच नीट दिसते. याखेरीज काही प्रश्न विचारतो: हिंगाच्या फोडणीचा वास येतो का, झोपेत ओरडणे किंवा लाथा झाडणे होते का, बद्धकोष्ठता किती वर्षांची आहे. वास जाणे आणि झोपेतली आदळआपट ही पार्किन्सनची लक्षणे कंपाच्या कितीतरी वर्षे आधी येऊ शकतात. पित्ताच्या कॅप्सूलमुळे ती येत नाहीत.

ही तपासणी अचूक असते असा माझा दावा नाही. लंडनच्या ब्रेन बँकेतील, हयातीत पार्किन्सनचे निदान झालेल्या 100 जणांच्या मेंदूंचा अभ्यास 1992 साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी 76 जणांत मृत्यूनंतर ते निदान खरे ठरले. निकष काटेकोर झाल्यापासून आणि या आजारांत विशेष काम करणारे डॉक्टर वाढल्यापासून परिस्थिती सुधारली आहे, तरी सुरुवातीच्या वर्षांत चूक होण्याची शक्यता राहतेच. ती कमी करण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे त्याच डॉक्टरांनी तोच रुग्ण ठरावीक काळाने पुन्हा पाहणे. लेव्होडोपाला मिळणारा प्रतिसाद हाही मोठा पुरावा असतो, मात्र औषध पुरेशा मात्रेत, काही आठवडे, जेवणाच्या किमान अर्धा तास आधी दिलेले असले पाहिजे. दोन दिवस अर्धी-अर्धी गोळी घेऊन 'फरक नाही' म्हणणे ही चाचणी नव्हे.

बाकीच्या तपासण्यांविषयी थोडक्यात. एफडीजी पेट स्कॅन ग्लुकोजचा वापर दाखवून निरनिराळे आजार वेगळे करायला मदत करू शकतो. तो निवडक रुग्णांसाठी आणि अनुभवी केंद्रासाठी आहे. पाठीच्या कण्यातल्या पाण्यात अल्फा-सायन्युक्लीन शोधणारी सीड ॲम्प्लिफिकेशन चाचणी आशादायक आहे. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात पार्किन्सनच्या सुमारे 88 टक्के रुग्णांत ती सकारात्मक आली. पण रोजच्या उपचारात ती अजून रुळलेली नाही, आणि तुमच्या वडिलांच्या बाबतीत तिची गरजही दिसत नाही.

प्रत्यक्ष रुग्ण न पाहता दिलेले हे मत आहे हे ध्यानात ठेवून पुढचा क्रम असा असावा असे मला वाटते. घरातल्या सर्व औषधांच्या पट्ट्या, बंद केलेल्यासुद्धा, आणि आयुर्वेदिक चूर्णे काढे हे सगळे एका पिशवीत घालून मेंदूविकारतज्ज्ञांकडे न्यावे. वडील टीव्ही पाहत असताना आणि सोसायटीच्या आवारात चालत असताना मोबाइलवर एक-एक मिनिटाचे चित्रण करून ठेवावे. पाच वर्षांपूर्वीच्या चेकबुकातली सही आणि आजची सही सोबत असावी. तज्ज्ञांना नुसते 'कोणता स्कॅन करू?' असे न विचारता, 'स्कॅन असा आला तर औषध बदलेल का, आणि तसा आला तर काय कराल?' हे विचारावे. दोन्ही उत्तरे एकच असतील तर तूर्त स्कॅन नको.

डॅट स्कॅनला तुमच्या घरी जागा आहे, पण ती थोडी पुढे. लेव्होसल्पिराइड बंद करून सहा महिने झाले आणि थरथर, ताठरपणा तसाच राहिला किंवा वाढला, तर औषधाने नुसता दबलेला पार्किन्सन उघड केला होता की सगळा त्रास औषधाचाच आहे, हा प्रश्न उरतो. याच प्रश्नाचे उत्तर ट्रोडॅट चांगले देतो: टोके शाबूत असतील तर आणखी वाट पाहता येते, कमी झालेली असतील तर उपचार लांबवण्यात अर्थ नाही. त्रास फार असेल, वडिलांना घास तोंडापर्यंत नेता येत नसेल किंवा अंघोळ, कपडे जमत नसतील, तर मात्र सहा महिने थांबू नये. तेव्हा स्कॅन आधी करून घेणे योग्यच ठरते.

या काळात वडील वारंवार, विशेषतः मागच्या बाजूला, पडू लागले, जिना उतरताना खाली पाहता येईनासे झाले, उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली, लघवीवरचा ताबा सुटला किंवा पाणी पिताना ठसका लागू लागला, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता लगेच दाखवावे. अशा वेळी पहिला नॉर्मल अहवाल पुढे करून नवा एमआरआय टाळू नये. तो 3 टेस्ला यंत्रावर, मध्यमेंदूचे माप घ्यायला सांगून करावा, कारण पहिल्या वेळी नसलेले आकुंचन तोवर दिसण्याइतके झालेले असू शकते.